मावशींना झोपवायचा खेळ

आमच्या मुलांच्या वॉर्डातल्या मावशींना औषधांतलं ओ की ठो कळत नाही. तरी ऑपरेशनला निघालेलं पोर शांत कसं करायचं, याची शिकवणी डॉक्टरांनी त्यांच्याकडे लावावी. हे मी, वॉर्डाची सिस्टर, सांगतेय आणि मी उगाच कोणाचं कौतुक करणारी बाई नाही.

त्यांची पद्धत साधी. भूल द्यायचा एक जुना मास्क त्यांच्या खिशात असतो. आदल्या दिवशी तो पोराच्या हातात द्यायचा आणि आपण रिकाम्या खाटेवर आडवं व्हायचं. पोराने मास्क त्यांच्या नाकावर धरायचा, त्यांनी झोपायचं, चांगलं घोरायचंसुद्धा. पोर "ऊठ" म्हणालं की उठायचं. सात-आठदा मावशींना झोपवून उठवलं की निम्मी भीती जाते. उरलेली त्या खरं बोलून घालवतात. "दुखेल का?" "दुखेल, दोन-तीन दिवस." "आई आत येईल?" "नाही, थिएटरच्या दारातल्या लाल पट्टीपर्यंतच." मुलांशी खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा एकच नियम. त्यावरून आमची कैकदा जुंपली आहे.

मागच्या महिन्यात त्यांचे यजमान गेले. आमच्याच थिएटरात, हर्नियाच्या साध्या ऑपरेशनला. भुलीतून उठलेच नाहीत. ज्या दारापर्यंत मावशींनी बावीस वर्षं पोरं नेली, त्याच दाराबाहेर त्या दिवशी त्यांना नातेवाईक म्हणून बाकावर बसवलं. म्हणे नियम! ज्याने केला त्याला एकदा त्या बाकावर बसवायला हवं.

नवव्या दिवशी मावशी कामावर हजर. रडणं नाही, बोलणं नाही. चादरी बदलल्या, बेडपॅन धुतले, डबा उघडून चार घास खाल्ले, डबा बंद केला.

"मावशी, घरी जा हो," मी म्हटलं.

"घरी जाऊन काय करू, सिस्टर?"

आवाजात राग नाही, दुःख नाही, काहीच नाही. मला त्या आवाजाची भीती वाटायची.

त्यातच ती टॉन्सिलची मुलगी आली. सहा वर्षांची. झोपेत तिचा श्वास अडकायचा, आई-बाप आळीपाळीने जागायचे. म्हणूनच भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, हिला आधी गुंगीचं औषध पाजायचं नाही, जागी आणि शांत आत आणा. मागच्या खेपेला तिने थिएटर डोक्यावर घेतलं होतं, तेव्हा तशीच परत पाठवली. आताही तसंच झालं असतं तर पुढची तारीख थेट दोन महिन्यांनी. तोवर ते जागरण आणि तो श्वास.

मुलीने मावशींना झोपवलं. "ऊठ." उठल्या. परत झोपवलं. "ऊठ." या वेळी उठायला जरा उशीर लागला. मुलगी मास्क हातात धरून बघत राहिली.

"सगळे उठतात?" तिने विचारलं.

मी शेजारच्या खाटेवर सलाइन लावत होते. मनात म्हटलं, मावशी, हो म्हणा. आज एकदाच.

"जवळजवळ सगळे," मावशी म्हणाल्या. "माझा नवरा नाही उठला. त्यांचं हृदय थकलेलं होतं. तुझं डॉक्टरांनी तपासलंय, चांगलं आहे."

मुलीची आई ताडकन उभी राहिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अक्कल गहाण टाकलीत का?" मी ओरडले. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहावं तसं.

मुलगी मात्र रडली नाही. "त्याला उठवायला कोण होतं?"

"डॉक्टरांनी खूप हाका मारल्या."

"तू नाही मारलीस?"

"मला आत सोडलं नाही."

मुलगी मास्कची कड दाबत बसली. मग म्हणाली, "मला तूच उठव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरबाईंशी कडाकडा भांडले आणि मावशींना हिरवा गाऊन घालून आत धाडलं. मुलगी आपल्या पायांनी चालत गेली. मास्क तिने स्वतःच धरला. डॉक्टरबाई नंतर म्हणाल्या, इतकी शांत भूल मोठ्या माणसांनाही देता येत नाही. ऑपरेशन सुरळीत झालं आणि तिला शुद्धीवर आणायच्या खोलीत आणलं.

"ऊठ गं," मावशी खाटेशी उभ्या राहून म्हणाल्या. "ऊठ, बाळा."

पापण्या हलल्या. मुलगी खोकली, डोळे उघडले, आईला शोधायला लागली. मी श्वास पाहिला, नाडी पाहिली. सगळं ठीक. माझ्या जिवात जीव आला.

मावशींचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. खाटेचा दांडा दोन्ही हातांनी धरलेला, चेहरा तसाच कोरा, आवाज तसाच सपाट.

"अहो, उठा ना," त्या म्हणत होत्या. "मी आलेय आत. उठा ना आता."

"मावशी, मी उठले," मुलगी घोगऱ्या आवाजात म्हणाली.

त्यांच्या हाका थांबल्या नाहीत, आणि मीही थांबवल्या नाहीत.