एकोणीस बोळे

पशुवैद्यकीय दवाखान्याच्या नोंदवहीत जनावराचे वय, रंग, आजार आणि उपचार यांसाठी रकाने असतात. त्या दिवशी नेमके काय घडले, यासाठी रकाना नसतो. दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात मी सव्वीस वर्षे ड्रेसर होतो, त्यामुळे माझ्याजवळचा न लिहिलेला मजकूर नोंदवहीपेक्षा जाड झाला आहे. येथे सांगतो ते कापसाला गिऱ्हाईक नव्हते त्या दिवसांतले. घरोघरी कापूस आढ्यापर्यंत साठला होता आणि माणसे ओसरीत झोपत होती.

जखमा बांधणे, हत्यारे निर्जंतुक करणे आणि शस्त्रक्रियेत डॉक्टरांच्या हाताशी उभे राहणे, हे माझे काम. शिक्षण सातवीपर्यंत. मात्र बदली झालेल्या एका डॉक्टरांनी मागे ठेवलेले शल्यपरिचर्येचे इंग्रजी पुस्तक मी शब्दकोश जवळ ठेवून पहिल्या पानापासून शेवटच्या सूचीपर्यंत वाचले होते, आणि त्याप्रमाणे वागण्याचा आग्रह धरत होतो.

अशात वानखडे मॅडम रुजू झाल्या. दवाखान्याच्या इतिहासातील त्या पहिल्या स्त्री डॉक्टर. आठवड्याच्या आत वरून पत्र आले की सहा महिन्यांत एकही मोठी शस्त्रक्रिया न झाल्यास हत्यारांचा संच परत पाठवावा. मॅडमनी पत्र दोनदा वाचले आणि म्हणाल्या, "संच गेला तर मी इथं फक्त लस टोचायला उरेन."

अडचण अशी की जनावराचे दुखणे जड झाले की लोक ते आमच्याकडे आणत नसत, तापलेल्या लोखंडाने डाग देणाऱ्याकडे नेत.

* * *

पहिला किस्सा कुकरचा. विजेच्या भारनियमनामुळे आमचे निर्जंतुकीकरण यंत्र दुपारभर थंड असे. मी घरचा प्रेशर कुकर आणला. सौभाग्यवतींनी त्याच क्षणी त्याच्यावरचा हक्क सोडला. "ज्याच्यात तुमी कैच्या शिजवता, त्याच्यात म्या वरण नाही लावत," एवढेच त्या म्हणाल्या.

एके दुपारी स्टोव्हवर कुकर शिट्ट्या देत असताना गावालगतच्या बंजारा तांड्याचे परसराम नाईक बैल घेऊन फाटकाशी आले. बैलाच्या उजव्या शिंगाला कॅन्सर होता. शिंग लोंबत होते आणि मुळातून रक्त ठिबकत होते. मॅडम कुकरशेजारी घड्याळ पाहत बसल्या होत्या. नाईकांनी दोघांकडे, म्हणजे मॅडमकडे आणि कुकरकडे, पाहिले.

"डॉक्टरीनबाईचा सयपाक होऊन राह्यला वाट्टे," ते मला म्हणाले. "होऊ द्या. मंग येतो."

ते दोन महिन्यांनी आले.

* * *

त्या दोन महिन्यांत दवाखान्यातील सर्जिकल कापूस संपला. कापसाच्या जिल्ह्यात आम्हाला जखम पुसायला कापूस नव्हता. ही बातमी गावातल्या देवानंदला कळली. त्याच्या म्हशीच्या कासेवरची जखम आम्ही रोज धूत होतो. दुसऱ्या दिवशी तो हाताने सरकी काढलेला पांढराशुभ्र कापूस गाठोडे भरून घेऊन आला.

मी त्यातला एक पुंजका पाण्याच्या वाडग्यात टाकला. तो तरंगत राहिला. देवानंदचा चेहरा उतरला. बाजारात कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरने त्याचा माल तीनदा परत पाठवला होता, आणि आता दवाखान्यातही तेच.

दोष मालाचा नव्हता. कच्च्या कापसाला नैसर्गिक मेण असते, त्यामुळे तो पाणी किंवा रक्त शोषत नाही. मी तो धुण्याच्या सोड्यात दोन तास उकळला, स्वच्छ धुतला, वाळवला आणि पुन्हा वाडग्यात टाकला. या वेळी तो क्षणात भिजून तळाशी गेला.

"पास," मी म्हणालो.

देवानंदने भिजलेला पुंजका बोटाने दाबून पाहिला. "माह्या कापसाले औंदा पहिल्यांदा कोनी पास म्हटलं," तो म्हणाला, आणि उरलेला घरचा कापूसही त्याने सोड्यात घालायला सुरुवात केली. त्याला आवरावे लागले.

* * *

परसराम नाईक परत आले तेव्हा डाग देणाऱ्याचे बैलाला दोनदा लोखंड लावून झाले होते आणि जखमेत अळ्या पडल्या होत्या. मॅडमनी शिंग मुळापासून काढायचे ठरवले. पत्राची मुदत संपायला नऊ दिवस उरले होते.

मी नाईकांना बजावले की आदल्या दिवसापासून वैरण बंद, रात्रीपासून पाणी बंद. भरल्या पोटाचा बैल आडवा केला तर पोट फुगून गुदमरतो.

सकाळी बैल आला. मॅडमनी त्याच्या डाव्या कुशीवर हात दाबला. पोट गच्च भरलेले होते. नाईक शपथेवर सांगू लागले की काडीसुद्धा घातली नाही. तेव्हा त्यांच्यामागे उभी असलेली त्यांची म्हातारी आई, जिला सारा तांडा याडी म्हणत असे, शांतपणे पुढे आली.

"म्या चारला. सरकीची ढेप देल्ली, भाकर देल्ली. एवढ्या मोठ्या कामाले उपाशी कसा धाडाव?"

शस्त्रक्रिया दोन दिवस पुढे गेली. जाताना मॅडमनी याडीला सांगितले की बैलाला या वेळी कडक उपवास धरायचा आहे आणि तो मोडला तर पाप त्याला नाही, चारणाऱ्याला लागेल. बैल अगदी रिकाम्या पोटी आला. याडीनेही त्याच्या सोबतीने काही खाल्ले नव्हते.

* * *

त्या दिवशी अर्धा तांडा पाहायला आला होता. मी निर्जंतुक हत्यारांचा ट्रे मांडला आणि हात धुवायला वळलो. परत येऊन पाहतो तो प्रत्येक कात्रीला, प्रत्येक चिमट्याला हळदीकुंकू! परसराम नाईक ट्रेपुढे हात जोडून उभे होते. दसऱ्याला शस्त्रांची पूजा होते, मग आज का नको, असा त्यांचा सरळ विचार.

मी जे बोललो ते येथे लिहिण्याजोगे नाही. सर्व हत्यारे धुऊन पुन्हा कुकरमध्ये गेली. मॅडम मात्र नाईकांना म्हणाल्या, "पूजा कुकरची करा. आतल्या सगळ्यांना पोचते." नाईकांनी झाकणाला कुंकू लावले, आणि आमचा पाऊण तास गेला.

* * *

शेवटी शस्त्रक्रिया झाली. शिंगाचे मूळ कापले की आत कपाळाच्या हाडातली पोकळी उघडी पडते. रक्त टिपण्यासाठी मी गॉजचे वीस बोळे मोजून दिले होते. टाके घालण्यापूर्वी वापरलेले बोळे मोजायचे असतात, कारण एक जरी आत राहिला तरी तो सडतो आणि जनावर जाते.

मी मोजले. एकोणीस.

मॅडमनी सुई हातात घेतली होती. समोर अर्धा तांडा. या बाईला जमले नाही, असे एकदा पसरले की पुन्हा कोणी जनावर आणणार नव्हते. मी हळू आवाजात आकडा सांगितला. त्यांनी पुन्हा मोजायला लावले. एकोणीसच.

"काय झालं?" परसराम नाईकांनी विचारले.

मॅडमनी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "एक बोळा सापडत नाही. सापडेपर्यंत मी टाके घालणार नाही."

लोकांत कुजबुज सुरू झाली. एकाने डाग देणाऱ्याचे नावही घेतले. मॅडमनी ती पोकळी बोटाने, चिमट्याने, बॅटरीच्या उजेडात तीनदा तपासली. मी टेबलाखाली, बादलीत, बैलाच्या पोटाखाली शोधले. वीस मिनिटे गेली आणि बैलाची भूल उतरू लागली.

तेव्हा सुरुवातीपासून बैलाच्या डोक्याशी बसलेली याडी उठली. तिने कनवटीतून रक्ताने माखलेला बोळा काढला आणि ट्रेमध्ये एकोणिसांच्या शेजारी ठेवला.

"याडी, हे कायले केलं?" परसराम नाईक ओरडले.

"कापसाच्या काट्यावरबी सारे मोजतोच म्हन्तेत, अन् मापात मारतेत," ती म्हणाली. "म्या पाह्यलं, हे खरंच मोजतेत काय."

मग तिने तांड्याकडे तोंड केले.

"आना आपापले ढोरं."