बाईंनी टाइप न केलेलं प्रकरण

रहस्यकथा लिहिणाऱ्या त्या लेखकांचं अक्षर दोनच माणसांना लागायचं. एक ते स्वतः आणि दुसऱ्या त्यांच्या टायपिस्टबाई. त्यातही अडलं की लेखकच बाईंना विचारायचे. बावीस वर्षं बाई रोज दहाला त्यांच्या घरी जात, खिडकीजवळच्या टेबलाशी बसत आणि खून टाइप करत. विषप्रयोग, गळफास, जिन्यावरून ढकलणं. त्यांच्या बोटांखालून शंभरेक माणसं तरी गेली असतील. बाईंची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. एकदाच काय ते त्यांनी सांगितलं होतं, की सर, तिसऱ्या प्रकरणात मेलेला माणूस सातव्यात चहा पितोय.

त्या वर्षी प्रकाशकांनी लेखकांच्या मागे टुमणं लावलं. वर्षअखेरच्या सुट्ट्यांत घरादाराला वाचता येईल असं काहीतरी गोड लिहा म्हणाले. लेखकांनी आधी नाक मुरडलं आणि मग दोन महिन्यांत कादंबरी हातावेगळी केली. सुट्टीची वाट पाहणारं घर, अंथरुणाला खिळलेले वडील, त्यांचं सगळं करणारी मोठी बहीण आणि परदेशी गेलेला धाकटा भाऊ.

चार प्रकरणं बाईंनी झरझर टाइप केली. पाचव्यात वडील दर रविवारी मुलीकडून दाढी करून घेतात, आज धाकटा आलाच तर आपण बरं दिसावं म्हणून. तिथे बाईंचे हात थांबले. ती दाढी त्यांच्या वडिलांची होती.

नऊ वर्षांपूर्वी वडिलांना अर्धांगवायू झाला. आठ महिने बाईंनी एकटीनं काढले. त्यांचा धाकटा भाऊ फोनवर दर वेळी सुट्टी मिळत नाही म्हणायचा. वडील गेले तेव्हाही तो आला नाही, आणि बाईंनी त्याचे फोन घेणं बंद केलं. हे सगळं त्या एकदाच बोलल्या होत्या, कामावर परत आल्या त्या दिवशी, लेखकांनी विचारलं म्हणून.

तरी त्या पुढे टाइप करत राहिल्या. आता शेवटच्या प्रकरणात धाकटा बॅग घेऊन दारात उभा होता. वडील काठी टेकत उठले होते. आणि बहीण त्याला मिठी मारून म्हणत होती, उशीर कसला वेड्या, आलास ना.

बाई कागद घेऊन आतल्या खोलीत गेल्या.

"सर, हे मी टाइप करणार नाही."

लेखकांना वाटलं, अक्षर लागत नसेल.

"सगळं लागलं. म्हणूनच नाही करणार."

लेखकांनी समजावून पाहिलं. नावं तर बदलली आहेत, वाचकाला सुट्टीत जरा ऊब हवी असते. शिवाय बाईंना शेवट आवडेल असं त्यांना मनापासून वाटलं होतं. हे ऐकून तर बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुमच्या पुस्तकात कुणी सुरा चालवला तर तो शेवटी पकडला जातो, सर. माझ्या भावाला तुम्ही एका पानात सोडून दिलंत. आणि माफी वदवलीत ती माझ्या तोंडून. मला विचारलंत?"

लेखक चष्मा पुसत राहिले. बाईंनी कागद टेबलावर ठेवले, पर्स उचलली आणि त्या बाहेर पडल्या, त्या परत गेल्या नाहीत. एका वकिलाकडे करारनामे टाइप करायचं काम त्यांनी धरलं. शेवटचं प्रकरण लेखकांनी दुसऱ्याच कुणाला तोंडी सांगून लिहून घेतलं. पुस्तक धडाक्यात खपलं. शेजारीण म्हणाली, वाचाच तुम्ही, रडून रडून माझे डोळे सुजले. बाईंनी तिच्या तोंडावर दार लावलं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन तिची माफी मागितली.

सुट्ट्या लागल्या. एका दुपारी घंटी वाजली. दारात भाऊ होता. केस विरळ झालेले, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात ते पुस्तक. ताई कुणाकडे कामाला होती हे त्याला ठाऊक होतं, त्यामुळे हा ताईचाच निरोप समजून तो विमानात बसला होता.

"ताई, मी वाचलं. मला वाटलं, तू मला..."

"ते मी लिहिलेलं नाही. मी टाइपसुद्धा केलेलं नाही."

तिथेच, जिन्याच्या तोंडाशी उभं राहून बाईंनी त्याला खरं काय झालं ते सांगितलं. पाठीला पडलेल्या जखमा, कुशीवर वळवताना होणारं कण्हणं. शेवटच्या रविवारी वाचा गेली होती, तर वडिलांनी गालावर बोट फिरवून दाढी कर म्हणून खुणावलं होतं. बाई रडल्या नाहीत. आवाज मात्र चढत गेला. खालच्या मजल्यावरचं एक दार किलकिलं झालं आणि बंद झालं. भावानं बॅग खाली ठेवली नव्हती.

"मी घाबरलो होतो, ताई," तो शेवटी म्हणाला.

"मीही घाबरले होते. पण मला पळून जायला जागा नव्हती."

त्या दिवशी त्यांनी त्याला आत घेतलं नाही. तो लॉजवर उतरला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तेव्हा त्यांनी त्याला दाराजवळची खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पुढचं सांगायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशीही तो आला आणि मान खाली घालून ऐकत बसला.

शेजारणीनं हळूच विचारलं, मग केलंत का माफ?

"अजून माझं बोलून झालेलं नाही," बाई म्हणाल्या.