नानांनी माझ्यासाठी शब्द टाकला

दोष नानांचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात दोष कुणाचा हे कुणी बोलत नाही, सगळे किस्से सांगत बसतात. लग्नात, बाराव्याला, भरीत पार्टीत, चार माणसं जमली की माझा एखादा किस्सा निघतो आणि दर वेळी त्याला नवीन शेपूट फुटतं. सांगणारे नाना, म्हणजे माझे मोठे काका. एकेकाळी गावचे सरपंच, आता जळगावातल्या पिंप्राळ्याच्या घरात राहून सगळ्या खानदानाचे सरपंच. माझे वडील, आबा, त्यांच्यासमोर मान वर करत नाहीत. ऐकणारे हसतात, मीही हसतो. आता मीच सांगतो, नाना जे गाळतात त्याच्यासकट.

*

धुळ्याला देवपुरात बी.फार्म.ला होतो. दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलला बाहेरच्या सरांनी पहिला प्रश्न विचारला आणि माझी छाती अशी धडधडायला लागली की हातातली काचेची नळी स्टँडवर वाजत होती. बोटं बधिर, श्वास अर्धा. वाटलं, संपलं. पोरांनी उचलून दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, तो चांगला आला.

जळगावहून गाडी करून नाना आले. ईसीजीचा कागद त्यांनी उजेडात धरून पाहिला, जसा काही त्यांना तो कळतच होता.

"नॉर्मल शे?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"हो, एकदम नॉर्मल."

नाना माझ्याकडे वळले. "मग आम्हाले कसाले पळवलं?"

पलंगावर पडल्या पडल्या मला पहिल्यांदा वाटलं की हार्ट अटॅक आला असता तर बरं झालं असतं. निदान तोंड दाखवायला जागा राहिली असती.

*

त्या डॉक्टरांनी मानसोपचाराच्या बाईंकडे पाठवलं. तरुण होत्या, सावकाश बोलायच्या. म्हणाल्या, "मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो. धोका दिसला की तो घंटा वाजवतो. शरीर पळायची तयारी करतं. हृदय जोरात, हात गार, तोंड कोरडं. कपाळामागचा भाग मागाहून येऊन समजावतो की अरे, हा केळीच्या बागेतला बिबट्या नाही, परीक्षा घेणारे सर आहेत. तुझ्याकडे घंटा वाजवणारा फार चपळ आहे आणि समजावणाऱ्याला उशीर होतो. गोळ्यांनी आणि सरावाने हे जमून येईल. गोळ्या मात्र एकदम बंद करायच्या नाहीत."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला नाटक्या न म्हणता काहीतरी सांगत होतं. मला रडू यायला लागलं होतं.

नाना शेजारच्या खुर्चीत होते. म्हणाले, "बाई, बदामाएवढ्या वस्तूचं हा ऐकतो, आणि घरातल्या एवढ्या मोठ्या माणसांचं नाही ऐकत?"

*

नानांना राग आला की ते ताट फेकतात. एकदा ट्रॅक्टरवाल्याला उशीर झाला म्हणून त्यांनी वरणाची वाटी भिंतीला मारली होती, तो डाग चुना लावूनही दिसतो. त्यांच्या डोक्यात घंटा वाजली की पळतो आम्ही.

त्याला घरात स्वभाव म्हणतात. माझ्या घंटेला आजार.

*

तेव्हाच ताईच्या सोयरिकीचं चाललं होतं. घरात डोक्याच्या गोळ्या खाणारा भाऊ आहे हे बाहेर गेलं तर स्थळ मोडेल, म्हणून नानांनी माझ्या गोळ्या पाकिटातून काढून कॅल्शियमच्या डबीत भरायला लावल्या. डबी बैठकीतल्या फडताळात, उघड्यावर. "लपवलेली वस्तू लोक शोधतात," नाना म्हणाले.

धुळ्याचे पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. मुलाची आई गुडघे दाबत बसली होती. "नुसतं बसून बसून दुखतात हो."

नाना पटकन उठले. मोठेपणा दाखवायची संधी ते सोडत नाहीत. डबी काढून त्यांनी तिच्या हातावर गोळी ठेवली. "घ्या अक्का. चांगलं कॅल्शियम शे. आमचे सगळे घेतात."

मी पाण्याचा ट्रे घेऊन समोर उभा होतो. आबांनी माझ्याकडे पाहिलं, मी आबांकडे. तोंड उघडलं असतं तर ताईचं स्थळ गेलं असतं. मुलाच्या आईने गोळी गिळली ती मी दिलेल्या पाण्याबरोबर.

अर्ध्या तासाने बाई दिवाणावर लवंडल्या. पार दिवेलागणीला उठल्या. आम्ही सगळे त्यांच्या श्वासाकडे बघत बसलो होतो. उठल्यावर केस सारखे करत मुलाला म्हणाल्या, "इथे फार शांत वाटतं रे. माणसं चांगली आहेत."

सोयरीक तिथेच पक्की झाली. हा किस्सा नाना कुठेच सांगत नाहीत.

*

स्थळ पक्कं झालं आणि माझ्या गोळ्या बंद झाल्या. एकदम बंद करायच्या नाहीत, हे डॉक्टरबाईंचं सांगणं मी दोनदा बोलून दाखवलं. नाना म्हणाले, "लग्नाचं घर शे. कोण कुठली डबी उघडेल याचा भरोसा नाही. तुझा इलाज मी करतो."

इलाज म्हणजे शेतात भरीत पार्टी. कपाशीच्या काट्या पेटवून वांगी भाजली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, सगळे भाऊबंद गोल बसलेले. नानांनी मला मधे उभं केलं. "भाषण कर. भीती मोडते."

काय बोललो आठवत नाही. दोन वाक्यांनंतर श्वास पुरेना, डोळ्यांतून पाणी. जेवणारे हात थांबले.

"ठेचा लागला का रे?" कुणीतरी विचारलं.

"हो," मी म्हणालो. "ठेचा."

मग सगळे मिरच्यांवर बोलायला लागले. मी अजून एक भाकरी घेतली आणि वर ठेचा वाढून घेतला.

*

आता शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेचं. ती दिली की सुटलो असतो. बाहेर कॉरिडॉरमध्ये पांढरे ॲप्रन घातलेली सगळी बॅच रांगेत. माझा नंबर आला, आत जाऊन बसलो. परीक्षक वयस्कर, चेहऱ्याने बरे वाटले. त्यांनी माझं नाव विचारलं, तेवढ्यात दार उघडलं.

आमच्याकडे सोयरीक असो, बांधाचं भांडण असो, चार वजनदार माणसं नेऊन शब्द टाकायची पद्धत आहे. नाना तिघांना घेऊन आले होते. पांढरे कपडे, टोप्या. त्यातल्या एकाच्या खांद्यावर पिकलेल्या केळीचा अख्खा घड. शिपाई मागून "अहो, अहो" करत होता. घड टेबलावर टेकवला तसे माझे कागद त्याच्याखाली गेले.

"साहेब, शब्द टाकायला आलो," नानांनी हात जोडले. "हा आमचा पोऱ्या. बोलायची वेळ आली की याचं डोकं बंद पडतं. डोक्याच्या गोळ्या चालू होत्या, आम्हीच बंद केल्या. पण हुशार शे. सांभाळून घ्या."

दार उघडंच होतं. रांगेतलं बोलणं थांबलं, मग एक जण हसला, मग बरेच.

परीक्षकांनी घड थोडा बाजूला सारला. पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. "बरं बाळा, सोपं विचारतो. माणूस घाबरला की त्याच्या छातीत धडधड का होते?"

मला सगळं येत होतं. कुठली ग्रंथी, कुठलं रसायन, हृदयावर ते कुठे जाऊन बसतं. आणि माझी छाती शांत होती. तळहात कोरडे. घंटा वाजलीच नाही. नुसते कान तापले होते.

"सांग ना भो," नाना मागून हळूच म्हणाले. त्यांचा एवढा मऊ आवाज मी कधी ऐकला नव्हता. "येतंय तुले."

मी उठलो, ॲप्रन काढून खुर्चीवर ठेवला आणि त्या सगळ्यांच्या मधून बाहेर पडलो. मागे नाना परीक्षकांना सांगत होते, "साहेब, केळी तरी ठेवून घ्या."

त्या परीक्षेला मी पुन्हा बसलो नाही. भुसावळला एका मेडिकलच्या काउंटरवर उभा असतो. बी.फार्म. झालं नाही.