दारूबंदीच्या जिल्ह्यातली वाइनवाली

मोहफुलं वाळत घालायला दोन हात लागतात, तोंड रिकामंच असतं. आमच्या केंद्रात किस्से साचतात ते त्यामुळेच. धानोऱ्याच्या पुढे एका गावात आमचं हे छोटं केंद्र आहे. बायका जंगलातून मोह वेचून आणतात, आम्ही तो वाळवतो, निवडतो, त्याचे लाडू करतो. मी मूळची चंद्रपूरची, इथे व्यवस्था बघायला आले आणि राहिले. गेली दोन वर्षं केंद्रात एकाच मुलीचे किस्से चालू आहेत. ती आमच्या ताराबाईंची एकुलती एक लेक, रंजना.

रंजना नागपुरात फूड टेक्नॉलॉजी शिकली आणि सरकारी शिष्यवृत्तीवर थेट न्यूझीलंडला निघाली. काय शिकायला? तर वाइन बनवायला. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे, हे मी सांगायला नकोच.

आमचे पिकअपवाले बंडूभाऊ तिचं सामान गाडीत टाकता टाकता म्हणाले, "आपल्या गावात कोनी दारू गाळली तं पोलीस गाडीत घालून नेते. हे गाळाले शिकून राह्यली तं सरकार विमानात बसवून नेऊन राह्यलं."

सगळे हसले. ताराबाई हसल्या नाहीत. त्यांनी लेकीचा हात धरला आणि एवढंच सांगितलं, "दोन वर्षं. मंग घरी." रंजनानं मान हलवली. नवरा गेल्यापासून ताराबाईंना घरात बोलायला ती एकटीच होती.

*

पहिला व्हिडिओ कॉल मार्चमध्ये आला. तिच्या मागे डोंगरापर्यंत द्राक्षाच्या ओळीच ओळी, आणि माणसं घड कापत होती. आमच्या अंगणात मोहाचे ढीग. तिकडे ऋतू उलटे, त्यामुळे त्यांची द्राक्षं आणि आमचा मोह एकाच वेळी वेचायला येतात, हे मला तेव्हा कळलं. भूगोलात पास झालेली बाई आहे मी, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

रंजना समजावून सांगत होती. दोन मोठी बेटं, कुठेही उभं राहा, समुद्र फार लांब नाही. ती होती त्या मार्लबरो भागात दिवसा लख्ख ऊन आणि रात्री चांगलाच गारठा. तिथे सोव्हिन्यों ब्लां नावाचं हिरवं द्राक्ष पिकतं आणि त्याच्या वाइनला कापलेल्या गवताचा वास येतो. गारठ्यामुळे वास का टिकतो, हे त्यांना वर्गात तीन दिवस शिकवलं म्हणे.

ताराबाई मोह निवडता निवडता म्हणाल्या, "दिवसा ऊन, राती थंडी. मंग वास ऱ्हाईनच नं. त्याले तीन दिवस काऊन लागले?"

रंजनानं हे तिच्या सरांना इंग्रजीत सांगितलं. सरांनी ते वहीत लिहून घेतलं, असं तिनं आम्हाला कळवलं.

*

पुढे ती सेंट्रल ओटॅगोला गेली. हा भाग पार दक्षिणेला, चहूकडून डोंगर, समुद्राची ऊब तिथे पोचत नाही. पिनो न्वार नावाचं पातळ सालीचं, नखरेल काळं द्राक्ष तिथे पिकतं. वसंतात कोवळ्या कोंबांवर हिव पडलं की वर्षाचं पीक गेलं. म्हणून ती माणसं काय करतात? पहाटे हेलिकॉप्टर आणतात! वरची उबदार हवा पंख्यानं खाली ढकलतात.

तिनं त्याचा व्हिडिओ पाठवला. द्राक्षांवर अगदी खाली घिरट्या घालणारं हेलिकॉप्टर बघून केंद्रातल्या बायकांचे हात थांबले. आमच्याकडे हेलिकॉप्टर दिसलं की एक तर निवडणुकीची पेटी असते, नाही तर जंगलात काहीतरी झालेलं असतं.

"कोनाले पकडाले आलं?" ताराबाईंनी विचारलं.

"थंडीले," मी म्हटलं.

ताराबाईंनी तो व्हिडिओ चार वेळा लावायला सांगितला. एका झाडासाठी माणूस एवढं करतो, हे बघून मला खरंच भरून आलं. बंडूभाऊंना मात्र डिझेलची काळजी पडली होती.

*

मग परीक्षा आली. सहा ग्लास, वर नाव नाही, गाव नाही. वास घ्यायचा, चव घ्यायची आणि कुठल्या भागातली वाइन ते कागदावर लिहायचं. नापास झालं तर कोर्स तिथेच संपला.

आता एक सांगते. आमच्या गावात मोहाच्या प्रत्येक झाडाला नाव आहे. नाल्यावरचा, देवाजवळचा, बुटका, काकाचा. कोणत्या झाडाचं फूल जास्त गोड, कोणतं जरा तुरट, हे घराघरात माहीत असतं. रंजनानं परदेशी नावं लक्षात ठेवायला याच झाडांचा आधार घेतला होता. गिस्बर्न भागातली शार्डने वाइन म्हणजे काकाचा, कारण दोन्ही गोडसर आणि भरगच्च. हॉक्स बे भागातली सिरा वाइन म्हणजे नाल्यावरचा, कारण ते द्राक्ष नदीच्या जुन्या पात्रातल्या गोट्यांत वाढतं आणि आमचं झाडही तसंच गोट्यांत उभं आहे.

परीक्षेत घाबरून तिनं कागदावर झाडांचीच नावं लिहून दिली!

सरांनी बोलावलं. "हे बुटका गाव कुठे आहे? न्यूझीलंडमध्ये चाळीस वर्षं झाली मला, पण मी तिथे कधी गेलो नाही."

रंजना रडायच्या बेतात. तिनं एकेक झाड सांगितलं आणि त्याच्यासमोर तिकडचं गाव ठेवलं. सहाच्या सहा बरोबर निघाले. सरांनी तो कागद तिला परत दिला नाही, स्वतःकडे ठेवून घेतला.

*

दोन वर्षं झाली आणि डिसेंबरात रंजना घरी आली. सोबत ओटॅगोच्या एका वाइनरीचं नोकरीचं पत्र. फेब्रुवारीत हजर व्हायचं, म्हणजे मोह वेचायला ती यापुढे कधीच घरी नसणार. "माय नाई म्हनली तं मी जानार नाई," असं तिनं मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. आणि माय हो म्हणेना, नाई म्हणेना. पत्राचं उत्तर द्यायला आठवडा उरला होता.

मायला दाखवायला तिनं एक बाटलीही आणली होती. पिनो न्वार, पण मार्लबरोची, पहिल्या वर्षी शिकायला म्हणून ज्या मळ्यात वेचणीला होती तिथली. पण बाटली वैनगंगेच्या, म्हणजे जिल्ह्याच्या हद्दीच्या अलीकडे आणायची कशी? बंडूभाऊंनी गाडीची किल्लीच खिशात घातली. शेवटी बाटली चंद्रपुरात माझ्या भावाकडे ठेवली, तिथली बंदी आता उठली आहे, आणि ताराबाई आम्हा दोघींबरोबर एसटीनं तिकडे आल्या. लेकीचा हात लागलेल्या वस्तूचा वास घ्यायला माय जिल्हा ओलांडून गेली!

भावाच्या घरी काचेचे ग्लास नव्हते, म्हणून स्टीलच्या पेल्यात दोन घोट ओतले. ताराबाईंनी पेला नाकाशी धरला आणि डोळे मिटले. मग जिभेला लावून पाहिलं.

"दोन दिवस उशिरा उचलला माल," त्या म्हणाल्या.

रंजना खुर्चीत सरळ बसली. "माय, सोमवारी कापाचं होतं. साहेब म्हने थांबू. बुधवारी कापलं."

"तुले समजलं नव्हतं?"

"समजलं होतं. सांगितलंई. मी तवा नवी, माह्यं कोन आयकते?"

ताराबाईंनी पेला खाली ठेवला. बाटलीचं झाकण फिरवून घट्ट लावलं, पदरानं पुसली आणि लेकीच्या हातात दिली.

"मंग जाय तू," त्या म्हणाल्या. "या खेपेले उशीर नोको होऊ देऊ."