‘थंड होऊ दे’ नावाचा फोल्डर

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत ताई म्हटलं की एकच. तक्रार विभागातल्या. विभाग म्हणजे जिन्याखालचं एक टेबल, दोन स्क्रीन, एक टेलिफोन आणि खुर्चीच्या पाठीला कायमचा लटकलेला स्वेटर. पण त्याला विभाग म्हटलं नाही तर ताईंना राग यायचा. एकवीस वर्षं त्या तिथे बसत होत्या. एवढ्या काळात साहेब तीन बदलले, खुर्ची एकदाच बदलली, तीही मोडली म्हणून.

काम सांगायला सोपं होतं. कुठल्या तरी इमारतीत लिफ्ट कुरकुरली की तिथलं कुणीतरी फोटो नाहीतर चिठ्ठी पाठवायचं. ती फाइल कंपनीच्या क्लाउडवरच्या फोल्डरात येऊन पडायची. ताई ती उघडायच्या, चष्मा कपाळावर ढकलून वाचायच्या, चष्मा खाली घेऊन पुन्हा वाचायच्या, आणि मग शेजारच्या स्क्रीनवर तक्रारींच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचं तिकीट, म्हणजे कामाची नोंद, काढून ते एखाद्या मेकॅनिकच्या नावावर टाकायच्या. तिकीट निघालं की मेकॅनिक निघाला. तिकीट नसेल तर लिफ्ट अधांतरी लटकली तरी कुणी जागचं हलायचं नाही.

मात्र आलेली प्रत्येक तक्रार लगेच नोंदवणं हे ताईंच्या मते नवशिक्याचं काम. “अर्ध्या तक्रारी तापासारख्या असतात,” त्या म्हणायच्या, “तीन दिवस दुर्लक्ष करा, आपोआप उतरतात.” आरशात जाड दिसतं, पंखा उदास वाटतो, चौथ्या मजल्यावरचे लोक मुद्दाम बटण दाबून पळतात, असल्या तक्रारी त्या आतल्या एका पोटफोल्डरात सारायच्या. त्याचं नाव ‘थंड होऊ दे’. घरीही हीच पद्धत. नवऱ्याने गुडघ्याचं गाऱ्हाणं सुरू केलं की त्या नुसतं “हं” म्हणायच्या. तो बिचारा बरा व्हायचा, किंवा बरा झाल्यासारखा वागायचा. ताईंना त्यातला फरक शोधायची कधी गरज पडली नव्हती.

मग साहेबांनी बाहेरून एक संगणकवाली बोलावली. तिशीची मुलगी, केसांत पेन्सिल खोवलेली आणि तीच पेन्सिल दिवसभर शोधणारी. दोन दिवस ती ताईंच्या शेजारी बसली.

“ताई, आता हाताने काही करायचं नाही. फोल्डरात फाइल पडली की तिकीट आपोआप निघेल, मेकॅनिकला जाईल, आणि तक्रार करणाऱ्याला मेलवर पोच.”

“आणि मी काय करू?”

“तुम्ही लक्ष ठेवा.”

“कशावर?”

“सगळ्यावर,” मुलगी म्हणाली, आणि घाईने स्क्रीनकडे वळली. “आत काही पोटफोल्डर दिसतायत. तेही जोडू का?”

ताईंना ते जरा लागलं. “जोड की. माझ्याकडे झाकून ठेवण्यासारखं काय आहे?”

हे त्या मनापासून म्हणाल्या. त्या फोल्डरात रोज काहीतरी टाकत होत्या, पण त्याला तळ असतो आणि तळाशी काहीतरी साचतं, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्क्रीन उघडली. नव्या तक्रारी: सहाशे अठरा.

आधी त्यांनी चष्मा पुसला. आकडा तोच राहिला. प्रत्येक तिकिटावर मूळ तारीख होती. दोन वर्षांपूर्वीची, पाच वर्षांपूर्वीची, नऊ वर्षांपूर्वीची. शेजारी एक रकाना: ‘कोणाकडे पडून होती’. त्यात सहाशे अठरा वेळा ताईंचं नाव.

तेवढ्यात फोन वाजला.

“तुमची पोच मिळाली,” पलीकडचा माणूस म्हणाला. “तुम्ही लवकरच येणार म्हणता. पण आमची इमारत पाडून दोन वर्षं झाली.”

फोन ठेवला, पुन्हा वाजला. एक आजोबा होते. “पंखा अजून उदासच आहे हो,” ते म्हणाले, “पण तुम्ही आठवण ठेवलीत, बरं वाटलं.”

संगणकवाली धावत आली. तिचाही चेहरा उतरला होता. “ताई, सॉरी. मी आत काय आहे ते आधी बघायला हवं होतं. पण यावर उपाय आहे. सगळ्यांवर एकदम खूण करायची आणि बंद करायच्या. एक बटण. कुणी परत उघडून बघणार नाही.”

ताई यादी खाली सरकवत होत्या. बोट एका जागी थांबलं. एकाच वृद्धाश्रमाची तीन तिकिटं, एकाखाली एक. तिथल्या मेट्रनबाई म्हणजे ताईंच्या लेखी कटकटीचं माहेर. लिफ्टला वास येतो इथपासून त्यांची सुरुवात असे. म्हणून त्यांचं नाव दिसलं की ताई आत न बघताच फाइल सारायच्या. आज पहिल्यांदा उघडली. चौदा महिन्यांपूर्वीची. ‘लिफ्ट भरलेली असली की तिसऱ्या मजल्यावर चार बोटं खाली थांबते.’ दुसरीही तीच. तिसरा एका कागदाचा फोटो होता, निळ्या शाईतलं वळणदार अक्षर: ‘आमच्यापैकी कुणीतरी अडखळून पडेल. कृपया माणूस पाठवावा.’

त्यानंतर तिथून काहीच आलं नव्हतं. अकरा महिने शांतता. तक्रारी थांबल्या म्हणजे लिफ्ट सुधारली, हे ताईंचं एकवीस वर्षांचं शास्त्र.

त्या उठल्या. “मामा, गाडी काढा.”

मामा म्हणजे सगळ्यांत जुने मेकॅनिक. चहाचा कप तोंडाशी तसाच राहिला, कारण ताई कामाच्या वेळात जिन्याखालून बाहेर पडल्याचं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. वाटेत सगळं ऐकल्यावर ते म्हणाले, “दर महिन्याला मी तेलपाण्याला जातो की तिथे. पण मी एकटा चढणार. भरलेली असतानाच घसरत असेल तर मला कुठून दिसणार? कुणीतरी सांगायला पाहिजे ना.”

वृद्धाश्रमात लिफ्टच्या दारावर पुठ्ठा टांगला होता: ‘एका वेळी दोघेच.’ मेट्रनबाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन आल्या.

“कुणी पडलं का इथे?” ताईंनी नमस्कारही न करता विचारलं.

“पडल्या एक. मागच्या वर्षी. उजवं मनगट मोडलं, ते अजून धड वळत नाही.”

“मग आम्हाला कळवलं का नाही?”

“तीनदा कळवलंच होतं,” मेट्रनबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. “चौथ्यांदा कळवून काय होणार होतं? दोघांच्या वर कुणाला सोडायचं नाही असं ठरवलं. भागतंय.”

मामा वर यंत्राच्या खोलीत गेले. ताई पडलेल्या बाईंची चौकशी करत तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेशी गेल्या. तिथे बसलेल्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. खांद्यावर शाल, मांडीवर वही. वहीत डाव्या हाताने काढलेली वाकडीतिकडी अक्षरं होती, पहिलीतल्या पोरासारखी.

“तिसरं पत्र तुमचं होतं?” ताईंनी विचारलं.

“हो. मेट्रनबाईंकडून पाठवलं आणि नवव्या दिवशी मीच पडले. माझं भाकीत मीच खरं केलं.” त्या हसल्या. “आज सकाळी त्यांच्याकडे तुमची पोच आली. ‘आपली तक्रार मिळाली.’ मला वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय.”

ताईंना हसता येईना. “ते पत्र मी उघडलंच नाही. मेट्रनबाईंचं नाव बघितलं आणि बाजूला सारलं.”

शिक्षिकाबाईंनी मांडीवरची वही मिटली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“वर्गात मीही असं करायचे,” त्या म्हणाल्या. “काही पोरांची वही शेवटी तपासायची. पण तपासायचे.”

तेवढ्यात फोन वाजला. संगणकवाली होती. “ताई, साहेब म्हणतात सहा महिन्यांपेक्षा जुन्या सगळ्या एकगठ्ठा बंद करून टाका. करू का? तुमचं नावही जाईल.”

“ही इथलीही त्यातच येते ना?”

“कुठली?”

“काही बंद करू नकोस. मी येते आणि एकेकाला फोन करते.”

“सहाशे अठरा?”

“पाडलेल्या इमारतीचा वगळ.”

मामा घाम पुसत खाली आले. “ब्रेकचे लायनर झिजून कागद झाले होते, वजन आलं की धरतच नव्हते. नवे घातले.” मग स्वयंपाकघरातल्या चौघीजणींना आत उभं करून त्यांनी लिफ्ट तीनदा खालीवर केली. तिन्ही वेळा ती मजल्याशी बरोबर टेकली. ताई उंबऱ्याशी वाकून बोटाने सांधा चाचपत होत्या.

मामांनी आपला फोन पुढे केला. तिकीट बंद करताना नवं सॉफ्टवेअर कारण विचारतं. खाली यादी होती: यंत्र, वायर, दार, वापरणाऱ्याची चूक, इतर.

“यंत्र टाका,” मामा हळूच म्हणाले. “खोटं नाहीये ते. लायनरच गेले होते.”

ताईंनी ‘इतर’ निवडलं. पुढे मोकळी चौकट आली. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत त्यांनी लिहिलं: ‘तक्रार वेळेवर आली होती. मी वाचली नाही.’

मग चष्मा खाली घेऊन ते पुन्हा वाचलं आणि फोन मामांच्या हातात दिला.