दमलेल्या करंटवरचा अँप्लिफायर

सत्तरच्या दशकात सोलापूरला आमच्या गल्लीत दिवसभर यंत्रमागांची खडखड असे. मोठ्यानं बोलायची माझी सवय तिथली. आजही कोणी "जरा हळू" म्हणालं की मला ती गल्ली आठवते, आणि मी हळू बोलत नाही.

माझे मामा हवायन गिटार वाजवत. तिला लागणारा अँप्लिफायर त्यांनी घरीच बनवला होता. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेला सांगाडा, त्यावर काचेचे चार व्हॉल्व्ह, बाहेरून प्लायवूडची पेटी. व्हॉल्व्ह तापून तांबूस झाले की आवाज निघे. पण पेटी बंद पडून काही वर्षं झाली होती आणि मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. गल्लीतल्या गणपती मंडळाच्या लोकांनी स्पष्ट सांगितलं, "पेटी बोलली तर तुम्ही वाजवा, नाहीतर आम्ही दुसरा गिटारवाला बघतो." मामांचं जेवण कमी झालं. मामी म्हणाल्या, "नाही बोलली तर तीत मी बाजरी ठेवीन."

मी कॉलेज संपवून घरी बसले होते. इस्त्रीची वायर बदलण्यापलीकडे मला काही येत नव्हतं. मामा बाजेवर बसून सांगत, मी करत असे.

"एक हात पाठीमागं ठेव. दोन्ही हात आत घातलेस आणि शॉक बसला, तर तुझ्या आईला काय सांगू मी?"

मेण गळणारे जुने कंडेन्सर काढून मी नवे बसवले. कथील वितळवून दिलेला माझा पहिला डाख मामांनी बोटानं चाचपला. "हा डाख आहे का चिंचोका?" तापलेल्या राळेचा वास केसांना लागायचा, धुतला तरी जायचा नाही. मला तो आवडायचा.

काम झालं. पेटीची घुरघुर ऐकायची तर शांतता हवी, म्हणून मी मागांच्या सुट्टीचा दिवस धरला. बटण दाबलं. व्हॉल्व्ह झगझगले आणि फाटकन नवा कंडेन्सर फुटला. मामी निवडत होत्या त्या तांदळात त्यातल्या कागदाचे कपटे पडले.

"बाजरीच बरी होती," त्या म्हणाल्या.

मी सगळी जोडणी पुन्हा तपासली. चूक सापडेना. दुसरा कंडेन्सर बसवला आणि दुसऱ्या दिवशी माग चालू असताना जीव मुठीत धरून बटण दाबलं. पेटी छान चालली! मामा मांडीवर थाप मारून हसायला लागले.

"अगं, माग चालू असले की आपल्या गल्लीत करंट लई दमलेला येतो की. त्यावर भागावं म्हणून मी ट्रान्सफॉर्मरच तसा गुंडाळलाय. सुट्टीचा पुरा करंट ह्याला झेपत नाही."

"मग हे आधी सांगायचं, मामा!"

"मला तरी कुठं ठाऊक? सुट्टीला मी झोपायचो."

आता पंचाईत अशी, की मंडळाचा कार्यक्रम सुट्टीच्याच संध्याकाळी होता. ट्रान्सफॉर्मर नव्यानं गुंडाळायला वेळ नव्हता. मामांनी तोड काढली: करंटच्या वाटेत एक बल्ब जोडायचा, म्हणजे जादाचा करंट तो खाईल. पुढच्या सुट्टीला मी लहानमोठे बल्ब लावून पाहिले. लहान बल्बावर पेटी मलूल व्हायची. सगळ्यांत मोठा जमला. तो एका फळीवर पक्का केला.

कार्यक्रमाला ती फळी स्टेजवर पेटीशेजारी ठेवली. मंडळाचा एक कार्यकर्ता म्हणाला, "ताई, हा दिवा नीट पेटंना. काढू का?"

"हात लावलास तर कार्यक्रम संपला."

मामांचं पहिलं गाणं नीट गेलं. दुसऱ्यात त्यांचा हात घसरला, आणि पेटी इतकी स्वच्छ बोलत होती की ती चूक पार शेवटच्या रांगेपर्यंत पोचली. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता उठतात. पण आपली चूकही एवढी स्वच्छ ऐकू आली, याचाच त्यांच्या चेहऱ्यावर भलता आनंद होता. त्यांनी तीच ओळ पुन्हा घेतली, या वेळी बिनचूक, आणि गाणं संपलं तरी थांबायचं नाव घेईनात.