ओतून दिलेलं पाणी

मांडीचं हाड मोडून मी ज्या वॉर्डात येऊन पडले, तिथंच नर्स म्हणून मी वर्षानुवर्षं राज्य केलं होतं. राज्यच म्हणायचं, बायका मला टरकून असायच्या. पाय मोडलेली एखादी पाणी टाळताना दिसली की मी कडाडायचे, "मोडलाय पाय ना? तोंडाला काय झालं?" पडून असलेल्या माणसानं पाणी सोडलं की लघवी आटते, जळजळते, ताप चढतो, हे मी किती जणींच्या डोक्यात भरलं असेल!

आता माझ्याच पायाला वजन टांगलेलं, ऑपरेशन व्हायचं होतं आणि पाणी टाळत होते मी. कारण एकच, बेडपॅन. आडोशाचा स्टँड वॉर्डात एकुलता एक, तोही नेहमी पलीकडच्या टोकाला. जिला मी सिरिंज धरायला शिकवलं, त्या आताच्या सिस्टर पोरीसमोर, सगळ्या खाटांच्या देखत कंबर उचलायची? मेले तरी नको, असं व्हायचं. सिस्टर पाणी देऊन वळली की मी नुसते ओठ ओले करायचे आणि उरलेलं चूळ भरायच्या भांड्यात ओतायचे. तिनं विचारलं की, "घेतलं गं." एवढ्या सफाईनं खोटं बोलता येतं, हे मला त्या वयात कळलं.

शेजारच्या खाटेवर भामरागडकडची एक म्हातारी होती, पाय प्लास्टरमध्ये. पूर उतरल्यावर तिला इथवर आणता आलं होतं. मराठी मोडकंतोडकं, त्यामुळे बोलणं कमी आणि माझ्याकडे बघणं जास्त. सिस्टर मला मॅडम म्हणते, डॉक्टर थांबून चौकशी करतात, त्यावरून मी इथलीच नर्स हे तिनं हेरलं होतं. मला ते आवडायचं, नाही कशाला म्हणू.

एका दुपारी तिची सून तिला जेवायला उठवायला गेली, तर म्हातारी भलतंच बरळत होती. जीभ कोरडीठाक, अंग तापलेलं. सिस्टरनं नाडी पाहिली, डॉक्टरांना बोलावलं, सलाईन लागलं. संध्याकाळी म्हातारी भानावर आली तेव्हा सिस्टर वैतागून म्हणाली, "आजी, पाणी काऊन नाई पेत? मी रोज भरून देऊन राह्यली ना!"

म्हातारीनं माझ्याकडे बोट केलं. "थे बाई नर्स हाये. थे पानी भांड्यात ओतून देते. हाड मोडलं त पानी नाई प्यावाचं असंल."

सिस्टरनं माझ्या खाटेजवळचं चुळीचं भरलेलं भांडं बघितलं. मग मला बघितलं. आणि म्हातारीचं सलाईन बघायला वळली. चांगली तोंडावर बोलली असती तर बरं झालं असतं. लाजेनं माझे कान तापले, आणि ही लाज बेडपॅनची नव्हती.

"मला पाणी दे," मी म्हणाले, "आणि बेडपॅनही आण." मोठ्यानंच म्हणाले, म्हातारीला ऐकू जावं म्हणून.

तिच्या सुनेनं न सांगता चादर उचलली आणि दोन्ही हातांनी ताणून पाठमोरी उभी राहिली, नदीवर बायका एकमेकींना आडोसा धरतात तशी. लाज वाटायची ती वाटलीच.

चादर खाली आली तेव्हा म्हातारी माझ्याकडेच बघत होती. मी भरलेला पेला उचलून तिच्यादेखत सगळा प्यायले आणि उलटा करून दाखवला. त्यानंतर तिनं आपल्या पेल्यासाठी हात पुढे केला.